कपडे वाळंनात अन् मन रमंना... कोकणात फर्स्ट इयर

सोयाबीन · २० ऑगस्ट, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, वर्षभर नुसतं वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढायलेय, चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

मी लातूर जिल्ह्यातली, औसा तालुका. नीटला एक ड्रॉप घेतला, नाही झालं. मग सीईटीवर बीएस्सी अॅग्रीचा फॉर्म भरला अन् कॅप राउंडमध्ये नंबर लागला तो एकदम इकडं, चिपळूणच्या अलीकडं-पलीकडं समजा, कॉलेजचं नाव लिहीत नाही. हॉस्टेलवर येऊन आज अठरा दिवस झाले. अठरा दिवसांत ऊन मी दोनदा बघितलं, त्यातलं एकदा अर्धा तास.

कपडे वाळतच नाहीत. पाच दिवसांपूर्वी धुतलेला ड्रेस काल घातला, वरून वाळलेला वाटत होता, पण लेक्चरला बसल्यावर अंगाच्या ऊबेनं त्याला असला कुबट वास सुटला की मी गपचूप उठून खिडकीजवळ जाऊन बसले. बॅगेच्या पट्ट्यावर पांढरा बुरा. दहावीच्या मार्कशीटच्या फोल्डरवर बुरा. आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी आठव्या दिवशी टाकून दिली, तिला मात्र संपली म्हणून सांगितलं.

मेसला दोन्ही वेळा भात. चपाती असते पण ज्वारीच्या भाकरीचं नाव नाही. बुधवारी-शुक्रवारी मासे, आम्ही शाकाहारी चौघीजणी त्या दिवशी लोणचं-भात खाऊन उठतो.

अभ्यासाचं तर विचारूच नका. तीन वर्षं चार पर्यायांतला एक गोल काळा करायची सवय. पहिल्या टेस्टला मातीच्या भौतिक गुणधर्मांवर सविस्तर लिहा असा प्रश्न होता, मी चार ओळी लिहिल्या अन् बसून राहिले, अजून काय लिहायचं असतं तेच कळंना, तेही इंग्रजीत. शेजारची मुलगी सप्लिमेंट मागायली होती.

रात्री साडेनऊला सीनियर मुली इंट्रोला बोलावतात, मान खाली घालून उभं राहायचं, चालतं म्हणे सगळीकडं.

अन् हे घरी सांगायची लाज वाटते. मी चौथीत होते तेव्हा, २०१६ ला, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं. आमच्या गावात टँकर यायचा, मी अन् भाऊ घागरी घेऊन त्याच्यामागं पळायचो. ती मी आता खिडकीत बसून पावसाला शिव्या देतेय. पप्पांचा फोन आला की पहिलं हेच विचारतात, पाऊस आहे का गं तिकडं. मी हो म्हणलं की गप्प होतात. तिकडं सोयाबीन फुलात आहे अन् वीस दिवसांचा खंड पडलाय.

सोडून जाऊ का घरी? परत नीटला बसू? खरं खरं सांगा, नुसता धीर देऊ नका.

गडगा · २१ ऑगस्ट, सकाळी ६:५५

साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस आम्ही काय आमंत्रण देऊन बोलावलेला नाही हो. तो आधीपासून इथे राहतो, तुम्ही नंतर आलात.

पागोळी · २१ ऑगस्ट, सकाळी ९:१०

गडगा, सकाळी सकाळी पोरीला घाबरवू नका.

सोयाबीन, मी अकोल्याची. आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर कृषी विद्यापीठ, आणि मार्क थोडक्यासाठी कमी पडले म्हणून २००८ साली मी राज्याच्या दुसऱ्या टोकाला दापोलीच्या विद्यापीठात येऊन पडले. चार कृषी विद्यापीठं राज्यात, त्यातलं नेमकं हे. खेड स्टेशनला उतरले तेव्हा पाऊस होता, दापोलीला पोचले तेव्हा पाऊस होता, बाबा मला सोडून परत निघाले तेव्हाही पाऊस होता आणि त्यामुळे मी रडतेय ते त्यांना दिसलं नाही. सतरा वर्षं झाली, अजून कोकणातच आहे, नवरा इथला, दोन पोरं इथली, तेव्हा माझं बोलणं थोडं एकतर्फी आहे हे धरून चाल.

तुला एकच सांगते. आपल्याकडे अॅडमिशन नेमकी पावसात होते. म्हणजे घर सुटलेलं, माणसं नवी, लेक्चर इंग्रजीत, जेवण परकं आणि वर कोकणातला ऑगस्ट, हे सगळं एकाच महिन्यात अंगावर येतं आणि आपण हिशोब मांडताना सगळं कॉलेजच्या नावावर टाकतो. त्यातलं पावसाचं किती, घराच्या आठवणीचं किती आणि खरोखर कोर्सचं किती हे आत्ता तुला वेगळं काढताच येणार नाही, मलाही आलं नव्हतं. पाऊस ऑक्टोबरात जातो. तोवर 'सोडू का' ही फाईल उघडायचीच नाही. दिवाळीला घरी जा, आईच्या हातचं खा, परत ये, कोरड्या कपड्यांत पंधरा दिवस राहून बघ. तेव्हाही नको वाटलं तर खुशाल सोड.

आता कपड्यांचं, कारण खरा प्रश्न तोच आहे (हसू नका कोणी). जीन्स आणि जाड सुती कपडे पेटीत बंद कर, ऑक्टोबरपर्यंत त्यांचं तोंड बघू नकोस. बाजारातून दोन-तीन स्वस्तातले सिंथेटिक ड्रेस घे, दिसायला कसे का असेनात, रात्रीत वाळतात. धुतलं की पिळून आधी कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून परत पिळायचं, मग पंख्याखाली दोरी. सगळ्याजणी एकदम धुऊ नका, वार ठरवून घ्या नाहीतर खोलीतच ढग तयार होतो. बॅग जमिनीवर नको, फरशीला ओल सुटते. मार्कशीट वगैरे प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात. चामडी चप्पल आणि स्पोर्ट शूज विसर, रबरी सँडल घाल, इथे प्राध्यापकसुद्धा तेच घालतात. चटणी काचेच्या लहान बाटल्यांत मागव, एका वेळी एकच उघडायची, ओला चमचा घातलास तर संपलं.

ज्वारीचं पीठ चिपळूणच्या बाजारात मिळतं. मेसच्या मावशींना एकदा नीट विचारून बघ, पीठ तुमचं आणि थापणारी तू असलीस तर तवा देतात, मला तरी दिला होता.

बांधावरचा · २१ ऑगस्ट, दुपारी १:३०

कृषी खात्यात नोकरी, त्यामुळे कामाचं तेवढं बोलतो.

पागोळीताईंशी मी अर्धाच सहमत. सगळं पावसावर ढकलू नये. माझ्या बॅचला एकजण होता, त्याला पहिल्या दिवसापासून चौथ्या वर्षापर्यंत शेती आवडली नाही, पाऊस गेला, उन्हाळा गेला, नाहीच आवडली. त्याला पहिल्याच वर्षी कोणी 'जा' म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तेव्हा दिवाळीपर्यंत थांब, जरूर थांब, पण एक वही कर आणि त्यात रोज लिही की आज कोणता तास बरा वाटला. एकही नाही असं महिनाभर झालं तर तो पाऊस नव्हे. आणि प्रवेश रद्द करायच्या तारखा, फी किती परत मिळते, मूळ कागदपत्रं कशी परत मिळतात हे आत्ताच ऑफिसात विचारून ठेव. विचारलं म्हणजे सोडलं असं होत नाही.

नव्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षानंतर इंटर्नशिप पूर्ण करून सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडायची सोय आलेली आहे. म्हणजे वर्ष काढलंस तर हातात अगदीच भोपळा नाही.

अभ्यास. कोर्सच्या नावापुढे ३ (२+१) असं लिहिलेलं असतं ते बघ. दोन थिअरीचे, एक प्रॅक्टिकलचं. एक क्रेडिट थिअरी म्हणजे आठवड्याला एक तास, पण एक क्रेडिट प्रॅक्टिकल म्हणजे दोन तास. लातूर पॅटर्नची मुलं इथेच फसतात, थिअरी घोकतात आणि जर्नल शेवटच्या रात्री कॉपी करतात. प्रॅक्टिकलचे मार्क हातात असलेले मार्क आहेत, ते आधी घ्यायचे. आणि पासिंग ३५ ला नाही, ५० ला आहे, दहापैकी पाच. बारावीच्या हिशोबाने 'निघून जाईल' म्हणत बसू नकोस.

थिअरीचं उत्तर लिहिणं ही सवय आहे, हुशारी नाही. सीनियरकडून मागच्या पाच वर्षांचे पेपर घे. तुझा तो मातीचा प्रश्न, त्याला चार ओळी का पडल्या, तर तू व्याख्या लिहिलीस आणि थांबलीस. व्याख्या, प्रकार, प्रत्येकावर दोन वाक्यं, एक आकृती, मोजतात कसं, पिकाला त्याचा काय संबंध. एवढं ओळीने लिहिलं की पान भरतंच. इंग्रजी साधं चालतं, तपासणाऱ्यालाही साधंच येतं.

आणि फी. मुलींसाठी ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी यांत बसत असशील, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर २०२४-२५ पासून ट्यूशन फी आणि परीक्षा फी शासन भरतं. महाडीबीटीवर, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, अर्ज केलास का? पहिल्या वर्षाची मुलं पावसात आणि रडण्यात तारीख चुकवतात.

जुना हॉस्टेलर · २१ ऑगस्ट, दुपारी ४:०५

छान सल्ले. फक्त इंट्रोचं एवढं मनावर घेऊ नको ताई. आम्हीपण दिली, त्यातूनच ओळखी होतात, पुढे तेच सीनियर नोट्स देतात, नोकरीला लावतात. मान खाली घातली म्हणून कोणाची मान तुटत नाही.

पागोळी · २१ ऑगस्ट, दुपारी ४:२०

मी सकाळी वाचताना ती ओळ चक्क ओलांडून गेले, माझीच चूक. सोयाबीन, रोज रात्री उभं करतात? किती वेळ? नाव-गाव विचारून दहा मिनिटांत सोडलं तर ती ओळख. मान खाली घालून रोज उभं करणं याला दुसरा शब्द आहे आणि तो तुला माहीत आहे. जुना हॉस्टेलर, नोट्स मिळतात म्हणून काय, नोट्स झेरॉक्सवाल्याकडे पण मिळतात.

बांधावरचा · २१ ऑगस्ट, दुपारी ४:५०

कायद्याचं सांगतो. महाराष्ट्रात रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ चा आहे, यूजीसीचे नियम २००९ चे. प्रवेशाच्या वेळी तू आणि पप्पांनी रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र दिलं असेल, सीनियरनीही दिलेलं असतं. हेल्पलाईन १८००-१८०-५५२२, चोवीस तास चालू. आधी रेक्टर मॅडमना तोंडी सांगा, चौघी मिळून, एकटीने नको.

जुना हॉस्टेलर · २१ ऑगस्ट, संध्याकाळी ६:१५

बरं बाबा. मी आमच्या काळचं बोललो.

गडगा · २१ ऑगस्ट, संध्याकाळी ६:४०

तुमच्या काळी बरंच काही होतं. तुम्ही इंट्रोत उभे होतात तेव्हा मजा वाटत होती काय, की नंतर दुसऱ्याला उभं केल्यावर वाटायला लागली?

सोयाबीन, सकाळचं मस्करीत होतं, मनावर घेऊ नये. एक कामाचं सांगतो. रात्री बाहेर पडताना टॉर्च हवाच. दगडाच्या गडग्यात, पाल्याच्या ढिगात हात घालायचा नाही, लाकडं उचलायची नाहीत. आमच्याकडे फुरसं असतं, विषारी साप, लांबीला वीतभर-हातभर आणि मातीच्या रंगाचं, दिसत नाही. आमच्या आजीने एकदा पडवीत चपलेखाली फुरसं बघितलंन तेव्हापासून घरात चप्पल झाडल्याशिवाय कोणी पाय घालत नाही. सँडल झाडायची सवय लाव. विंचू पण असतात.

खेकडा · २१ ऑगस्ट, रात्री ८:३०

विंचवावरून आठवलं, विंचूदंशावर जगभर नाव झालेले डॉ. हिंमतराव बावसकर तुमच्या मराठवाड्यातलेच, जालना जिल्ह्यातले. महाडजवळ बिरवाडीला सरकारी दवाखान्यात आले, इकडची माणसं लाल विंचू चावून मरताना बघितली आणि तिथेच काम करत राहिले, प्राझोसिन या गोळीने मृत्यू खूप कमी झाले. २०२२ साली पद्मश्री. म्हणजे तिकडून कोकणात येऊन टिकलेला माणूस आहे म्हटलं.

गडगा · २१ ऑगस्ट, रात्री ८:३४

लगेच पद्मश्री. आधी मिडटर्म पास होऊ दे तिला.

वस्तीची गाडी · २१ ऑगस्ट, रात्री १०:५०

मी पण फर्स्ट इयर, मी पण अॅग्री, पण लोकल. सगळ्यांना वाटतं लोकल पोरांचं काय, घरचं जेवण, आईच्या हातचं, मजा. म्हणून लिहितोय.

आमच्या गावात वस्तीची एसटी येते, ती सकाळी पावणेसहाला सुटते, ती चुकली तर पुढची साडेनऊची म्हणजे पहिली दोन लेक्चर गेली. मी साडेचारला उठतो. पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरून स्टॉपवर येईपर्यंत गुडघ्यापर्यंत भिजतो, छत्रीचा उपयोग डोक्यापुरता. कॉलेजला पोचतो सव्वासातला, लेक्चर साडेआठला, तोवर गेटजवळच्या शेडमध्ये बसून पँट वाळवतो. संध्याकाळची गाडी पाचची म्हणून लायब्ररी नाही, ग्रुप स्टडी नाही, कोणाशी ओळख नाही. हॉस्टेलची पोरं रात्रीत एकमेकांची दोस्त झाली आणि सकाळी येतात तर त्यांचे जोक मला कळत नाहीत.

आमच्या वर्गात साठातले जेमतेम दहा-बाराजण कोकणातले असतील, बाकी सगळे घाटावरचे. आपल्याच तालुक्यात आपण पाहुणे. पहिल्या आठवड्यात मी सरांना 'तरवा काढून झालाय' म्हटलं तर मागून सगळे हसले, त्यांच्याकडे रोप म्हणतात. तेव्हापासून तोंड उघडलं नाही. आणि तुमची लातूर-नांदेडची पोरं, सरांनी प्रश्न विचारला की उत्तर तयार, आम्ही वाक्य मनात जुळवतोय तोवर पुढचा प्रश्न. आम्हाला तुमची भीती वाटते आणि तुम्हाला आमच्या पावसाची. बघा म्हणजे.

सोयाबीन · २१ ऑगस्ट, रात्री ११:२०

एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. वस्तीची गाडी, मी नाही हसले, पण आमच्याकडची हसली असतील तर सॉरी. तरवा शब्द चांगलाय की.

इंट्रोचं आज चौघींनी मिळून रेक्टर मॅडमना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, नावं लिहून घेतली. आज साडेनऊला कुणी बोलावलं नाही. उद्याचं उद्या.

महाडीबीटीचं ठेवलं होतं बाजूला. उद्या करते.

कणकवलीकरीण · २२ ऑगस्ट, सकाळी १०:००

गो बाय, माझा चेडू पुण्याक शिकाक गेला तेव्हा पयले दोन म्हयने रोज रातीक फोन करून रडत होता. तेका तिकडची हवा कोरडी लागा, ओठ फुटत, आणि मासे नाय म्हणून जेवण जाय ना. तू मासे आसत म्हणून रडतंस, ता मासे नाय म्हणून रडा. आता सांगतंय ती हसत, तेव्हा माका पण झोप नव्हती.

मराठीतच लिहिते पुढचं, नाहीतर लातूरला कळायचं नाही. आईबापाच्या बाजूने एक सांगायचं आहे. आम्ही मुलीला सांगितलं, रोज रात्री फोन करायचा नाही, दिवसाआड आणि तोही जेवणाआधी. रात्री दहानंतर प्रत्येक गोष्ट दुप्पट मोठी वाटते, तिलाही आणि आपल्यालाही. आणि फोनवर 'जेवलीस का' सोडून दुसरं काहीतरी विचारायचं, आज काय शिकवलं, कोणाशी बोललीस. चटणी टाकून दिलीस ते आईला सांग. तिला वाईट वाटेल ते चटणीचं, तुझं नाही. खोटं सांगायला लागलीस की मग सगळंच लपवावं लागतं, चटणीपासून सुरू होतं ते.

गणपतीत काय करणार आहेस? हॉस्टेल ओस पडेल.

सोयाबीन · २३ ऑगस्ट, रात्री ९:१५

काकू, तोच प्रश्न आहे. घरी जायचं म्हणजे चिपळूणहून कुंभार्ली घाट उतरून... चढून... कराड, तिथून पंढरपूर, सोलापूर, मग लातूर. तिकीट अर्धं लागतं पण अख्खा दिवस अन् अर्धी रात्र एसटीत, जाऊन दोन दिवसांत परत निघायचं. नाही जमत.

आईला चटणीचं सांगितलं. ती हसली हो! म्हणली आमच्याकडं पण एकदा पावसात झालं होतं तसं.

आज लावणीचं प्रॅक्टिकल झालं. इथली लावणी जुलैतच आटपते म्हणे, पण आमच्या अॅडमिशन लांबल्या म्हणून सरांनी एक तुकडा मोकळा ठेवला होता, अन् रोपं, म्हणजे तरवा, जरा जास्तच वाढलेला. मी आयुष्यात भाताचं शेत जवळून बघितलं नव्हतं. आमच्याकडं शेतात पाणी साठलं तर पप्पा रात्री उठून चारी काढून देतात, इथं मुद्दाम बांध घालून साठवतात. चिखलात पाय घातला तो गुडघ्यापर्यंत गेला, सँडल आतच राहिली, हात घालून काढली.

सर चारसूत्री पद्धत शिकवत होते. नायलॉनच्या दोरीवर २५ सेंमी, १५ सेंमी, परत २५, परत १५ अशा खुणा. दोघींनी दोन टोकं धरायची, बाकीच्यांनी खुणेवर दोन-तीन रोपांचा चूड लावायचा, दोरी मागं सरकवायची. दोन खुणा १५ वर, दोन ओळी १५ वर, असा चार चुडांचा लहान चौकोन होतो, त्याच्या बरोबर मध्यात युरिया-डीएपीची एक गोळी, २.७ ग्रॅमची, बोटानं सात-दहा सेंमी खोल खोचायची. मी विचारलं वरून का नाही टाकत, तर म्हणले इथल्या पावसात वरून टाकलेला युरिया बांधावरून शेजाऱ्याच्या शेतात जातो. खोल पुरला की जागेवर राहतो, मुळांना हळूहळू मिळतो.

दोन तास वाकून पाठ गेली पण वहीत आज पहिल्यांदा लिहिलं, हा तास बरा होता. रात्री पप्पांना गोळीचं सांगितलं, ते लक्ष देऊन ऐकत होते, चूड-चूड अंतर विचारलं, खोली विचारली. मग म्हणले, बरंय की, पण आपल्याकडं खत वाहून जाईल एवढा पडू तर दे. पण या वेळी गप्प नाही बसले, अजून दहा मिनिटं बोलले.

बांधावरचा · २३ ऑगस्ट, रात्री ९:४०

जर्नल आजच लिही. आकृती काढ, अंतरं टाक. उद्या विसरशील.

वस्तीची गाडी · २३ ऑगस्ट, रात्री १०:३०

लावणीत आमचा पण नंबर लागला. सरांनी मला पुढे उभं करून चूड कसा धरायचा ते दाखवायला सांगितलंनी, अंगठा वर ठेवून. पहिल्यांदा वर्गासमोर बोललो. म्हणजे बोललो नाही, दाखवलं.

कणकवलीकरीण · २४ ऑगस्ट, सकाळी ८:२०

छान. पण गणपतीचं उत्तर दिलंच नाहीस. एकटी खोलीत बसू नकोस. खोलीतली कोणी बोलावते का बघ, कोकणात गणपतीला आलेल्या माणसाला कोणी परत पाठवत नाही.

सोयाबीन · ४ सप्टेंबर, दुपारी २:१०

आले परत. लांबलचक लिहितेय, कंटाळा आला तर सोडून द्या.

रूममेट गुहागर तालुक्यातली, तिनं दोनदा म्हणलं चल आमच्याकडं, मी दोनदा नको म्हणलं, तिसऱ्यांदा तिच्या आजीनं फोनवर फर्मानच काढलं. गेले. घर जांभ्या दगडाचं, समोर खळं, मागं पऱ्या, म्हणजे ओढा, वाहतोय त्याचा आवाज रात्रभर. पहिल्या रात्री मला वाटलं पाऊसच पडतोय, उठून बघितलं तर चांदणं!! अख्ख्या महिन्यात पहिल्यांदा.

मुंबईहून अख्खी भावकी आलेली. मोदक मी पहिल्यांदा उकडीचे केले, माझ्या कळ्या बघून आजी म्हणाल्या हे मोदक नाहीत, हे लसूण आहेत. खाल्ले पण सगळ्यांनी.

गौरीचं मात्र मला नवल वाटलं. आमच्याकडं महालक्ष्म्या म्हणतात, उभ्या, साड्या नेसवलेल्या, सोळा भाज्यांचा नैवेद्य, सोवळं एवढं की आई दिवसभर कुणाला स्वयंपाकघरात येऊ देत नाही. इथं तेरड्याची रोपं उपटून आणतात, वाजत-गाजत, ती गौर, तिला मुखवटा अन् साडी. अन् दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडं नैवेद्याला वडे आणि मटण! मी नुसती बघत राहिले. आजींनी माझ्यासाठी काळ्या वाटाण्याची आमटी वेगळी केली होती, वडे तेच. मी सहा खाल्ले.

रात्री खळ्यात जाखडी नाचले, पायात घुंगरू बांधून गोल करून, मधे मृदंगवाला. पहाटे तीनपर्यंत.

आता मूळ मुद्दा. हर्बेरियमसाठी, म्हणजे दाबून वाळवलेल्या झाडांच्या संग्रहासाठी, तण गोळा करायचे आहेत, आम्ही सगळ्यांनी केलेत पण वाळतच नाहीत, वर्तमानपत्रात दाबून ठेवलं तर चौथ्या दिवशी बुरशी. मी गौरी आणायला गेले तेव्हा तेरड्याचं एक रोप मुळासकट पिशवीत टाकायला लागले, आजी केवढ्यानं ओरडल्या, गौरीला पिशवीत घालतेस? मग स्वतःच पऱ्याकाठचं दुसरं उपटून दिलं, हे घे, ही गौर नाही, हे गवत. माझी सगळी वर्तमानपत्रं बघितली अन् म्हणाल्या अशानं दिवाळीपर्यंत नाही वाळायचं. चुलीच्या वर टांगलेली फळी असते ना, भांडी-बिंडी ठेवायची, तिच्यावर सगळं नेऊन ठेवलं, वर पाटा. शेजारच्या दोरीवर माझे ड्रेस पण टाकले. तीन दिवस.

काल लेक्चरला तोच ड्रेस घातला होता. धुराचा वास येतोय आता त्याला, पण कोरडा आहे. खिडकीजवळ जागा होती तरी मधल्याच बाकावर बसले.

नीटचं काही ठरवलं नाही अजून. फाईल बंद आहे. महाडीबीटीचा अर्ज भरला. इंट्रो पूर्ण बंद नाही पण आता बसवून बोलतात, अन् एकीनं स्वतःहून मागचे पेपर दिले.

पागोळी · ४ सप्टेंबर, दुपारी ३:००

सहा वडे! टिकलीस मग.

गडगा · ४ सप्टेंबर, दुपारी ३:२५

वड्यांचं राहू दे. हर्बेरियम वाळलं काय?

सोयाबीन · ४ सप्टेंबर, दुपारी ४:०२

आघाडा वाळला, टाकळा वाळला, माका वाळला. तेरडा काळा पडला. आजींना फोन केला तर म्हणतात, सांगितलं होतं ना, नाटकी रोप आहे ते, परत ये दुसरं देते.